छोट्या गाडीखालची लिंबं

गिऱ्हाईक गाडीला "क्यूट" म्हणालं, की ती गाडी काही विकली जात नाही, हे दत्ताराम परब बावीस वर्षांच्या अनुभवाने शिकला होता. माणसं क्यूट गाडीचा फोटो काढतात, तिच्या टपावर थोपटतात आणि मग शेजारचं सात जणांचं धूड घेऊन जातात.

देवगडकडचा हा माणूस बहारीनला ड्रायव्हर म्हणून आला आणि सितऱ्यातल्या ताहिरशेठच्या शोरूममध्ये सेल्समन होऊन बसला. जुफैरच्या आरमारी तळावर दोन-तीन वर्षांच्या नेमणुकीवर येणारी अमेरिकन कुटुंबं हे शोरूमचं हक्काचं गिऱ्हाईक. अशांसाठी आपण इटलीच्या छोट्या गाड्या आणूया, हा हट्ट दत्तारामचाच. त्याचा हिशोब सरळ होता. अदलियात संध्याकाळी जेवायला जायचं तर धूड उभं करायला जागा मिळत नाही, अर्धा तास घिरट्या घालाव्या लागतात. छोटी गाडी दोन पिकअपांच्या मधल्या फटीतही मावते. ताहिरशेठने मान डोलावली आणि सात गाड्या मागवल्या.

सहा गेल्या. फिलिपिनो नर्सेसनी घेतल्या, एका फ्रेंच बाईने घेतली, दोन बहारीनी मुलींनी घेतल्या. अमेरिकन मात्र एकही वळला नाही. सातवी, पिवळी धमक, तीन वर्षं काचेमागे पडून होती. अमेरिकन येत, आत बसत, गुडघे मोजत, कॉफीचा भलामोठा पेला ठेवायला जागा शोधत आणि उतरताना एकच विचारत, "पण हायवेवर काय?" दत्ताराम घरी येऊन बायकोपुढे त्यांची नक्कल करी. "सहा फुटांचे गडी, युद्धनौका चालवतत, आणि एवढ्याशा गाडयेक भितत!" असं म्हणून तो हसे. अरुणा हसत नसे. हे त्याच्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं. पण आपण बोलायला लागलो की समोरच्याचं तोंड बघायचं असतं, हे आपल्याकडच्या नवऱ्यांना कोणी शिकवलेलंच नसतं.

अरुणाकडे बहारीनचं लायसन्स होतं. बारा वर्षांपूर्वी तिने ते दुसऱ्या खेपेला पास होऊन मिळवलं होतं, आणि पहिल्या खेपेला नापास झाली तेव्हा रडली नव्हती ती दुसऱ्या खेपेला रडली होती. त्याच सुमारास हमद टाउनमधल्या रुकय्याबाईंच्या बालवाडीत तिला काम लागलं. मुलांना गाणी शिकवायची, डबे उघडून द्यायचे. उम्म अल हस्समच्या घराहून हमद टाउन म्हणजे दोन बसा. अरुणा म्हणाली, एखादी छोटीशी जुनी गाडी बघा ना. तेव्हा दत्ताराम म्हणाला, "छोटी नको गे. समोरसून ट्रक इलो तर काय उरतला तुझा? थांब, मोठी घेवया." मोठी घ्यायची ऐपत यायला वेळ लागत होता. जुलैत बसथांब्यावर अरुणाला चक्कर आली. ऑगस्टमध्ये काम सुटलं. रुकय्याबाईंनी पुढे दोनदा फोन करून विचारलं, मग तिसऱ्यांदा केला नाही. लायसन्स कपाटाच्या खणात गेलं. मुदत संपली की अरुणा ते नेमाने नवं करून आणी, एवढंच.

पिवळी शोरूममध्ये आली तेव्हा अरुणा एकदा बघायला गेली होती. सीटवर हात फिरवून म्हणाली, "ही माका जमात." दत्ताराम म्हणाला, "तुका? हायवेर माणसां कशी चलवतत, बघितलंस मा?" आणि त्याच दुपारी एका गिऱ्हाइकाला त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, की या गाडीइतकी सुरक्षित गाडी अख्ख्या आखातात नाही. दोन्ही वाक्यं एकाच तोंडातून निघाली आणि त्या तोंडाला त्याचं काहीच वाटलं नाही.

या वर्षी मार्चमध्ये एक अमेरिकन जोडपं आलं. नवरा तळावर, बायको शाळेत शिकवणारी. बाई गाडीला क्यूट म्हणाली नाही. किल्ली मागितली, अदलियाच्या गल्लीतून फिरवून आणली, एका हॉटेलपुढच्या बोटभर जागेत लावून दाखवली आणि खुशीत स्टिअरिंगवर थाप मारली. नवरा मागे गुडघे छातीशी घेऊन बसला होता, तोही हसला. कागद झाले. गुरुवारी सकाळी गाडी न्यायची ठरली.

दत्तारामचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. तीन वर्षं जिची धूळ पुसली ती गाडी सासरी निघाली होती. बुधवारी त्याने बाजारातून नारळ, हळद-कुंकू आणि चार लिंबं आणली. आजवर शोरूममधून शेकडो गाड्या गेल्या, एकीचीही पूजा त्याने केली नव्हती. हिची मात्र केल्यावाचून राहवेना. गुरुवारी त्याने बॉनेटवर कुंकवाचं बोट लावलं, नारळ फोडला आणि चारी चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं.

जोडपं आलं. बाई वाकून बघू लागली.

"हे कशासाठी?"

"आमची पद्धत आहे, मॅडम. गाडीला अपघात होऊ नये म्हणून."

"छान. सगळ्या गाड्यांना करता?"

"नाही, नाही," दत्ताराम मायेने म्हणाला. "फक्त हिलाच."

नवऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. त्याने लिंबाकडे बघितलं, मग शेजारच्या धुडाच्या चाकाकडे, जे पिवळीच्या खिडकीपर्यंत येत होतं. त्या चाकाखाली लिंबू नव्हतं. ज्या गाडीसाठी विकणाराच देवाला साकडं घालतो ती गाडी घ्यायची कोणी? दत्तारामला आपली चूक उमगली आणि तो भराभर समजावू लागला, तशी ती अधिकच चिघळली. शेवटी बाईने हात वर करून त्याला थांबवलं. ती बाई रागावलेली नव्हती, आणि तेच वाईट होतं.

"मिस्टर परब, तुमची बायको अशी गाडी चालवते?"

या धंद्यात खोटं म्हणजे जेवणातलं मीठ. 'हो, रोज' एवढंच म्हणायचं होतं.

"तिच्याकडे लायसन्स आहे," तो म्हणाला.

"मी ते नाही विचारलं."

दुपारी ते दोघं सात जणांची गाडी घेऊन गेले. जाताना बाईने पिवळीच्या टपावर थोपटलं.

ताहिरशेठ आपल्या हिंदीत कडाडला, "खलास, दत्ता! सेल्समन दुआ करता है, तो कस्टमर भागेगा नहीं? अभी ये गाड़ी तू ले जा. मदाम चलाएगी." शेठ रागात दिलदार होई आणि दिलेलं परत मागत नसे. पण दत्तारामला रागही ऐकू आला नाही आणि दिलदारीही. बाईचा प्रश्न त्याच्या कानात घर करून बसला होता. अमेरिकनांच्या भित्रेपणाच्या नकला त्याने जिच्यापुढे केल्या, तिला बारा वर्षं त्यानेच भिववून घरात बसवलं होतं. त्या बिचाऱ्या अमेरिकनांनी निदान स्वतःच्या भीतीने स्वतःचं ठरवलं. त्याला स्वतःची शरम वाटली, आणि चांगलीच वाटली.

शुक्रवारी सकाळी उम्म अल हस्समचे रस्ते मोकळे असतात. दत्तारामने पिवळी इमारतीखाली आणून लावली, तीच चार लिंबं चाकांखाली ठेवली आणि अरुणाला खाली बोलावलं.

"घे," त्याने किल्ली पुढे केली. "तुझी."

अरुणाने किल्लीकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. "आता?" ती म्हणाली. "बारा वर्सां झाली ओ."

"चुकलंय गे मी. चल, हमद टाउनाक जावया. रुकय्याबाईंका भेटान येवया."

"रुकय्याबाईंनी बालवाडी कधीच बंद केली. दोन वर्सां झाली. मी तुमका सांगलंला."

तिने सांगितलं होतं. जेवताना सांगितलं होतं, आणि तो तेव्हा कुठल्याशा गिऱ्हाइकाची नक्कल करत होता. पण अरुणा गाडीत बसली. सीट पुढे घेतली, आरसा नीट केला, एकही गोष्ट विसरली नव्हती. "तुमी बाजूक बसा," ती म्हणाली. दत्ताराम बसला. बारा वर्षांत तो तिच्या शेजारच्या सीटवर पहिल्यांदाच बसत होता. इंजिन सुरू झालं. अरुणाचा चेहरा बालवाडीच्या दिवसांतला झाला, आणि त्याने मनात देवाचे आभार मानले.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या माणसाची भली थोरली गाडी वळून आत आली आणि पिवळीला खेटून पुढे गेली. काही झालं नाही. पिवळी तर जागची हललीही नव्हती. पण दत्तारामचा उजवा पाय, जिथे ब्रेक नव्हता तिथे, जोराने दाबला गेला होता आणि एक हात डॅशबोर्डवर होता.

अरुणा त्या पायाकडे बघत राहिली. मग तिने इंजिन बंद केलं.

"अगे, ता आपसूक झाला. चालव तू. चालव ना."

"तुमच्या पायाक अजून भय वाटता," ती शांतपणे म्हणाली. "ता भय तुमी माकाव दिलास. मगे माझ्या हातांका कसा नाय वाटतला?"

ती उतरली. किल्ली तिने सीटवरच ठेवली. "वर येवा, च्याय ठेवतंय," एवढं म्हणून जिना चढू लागली. आवाजात राग असता तर दत्ताराम तिच्या मागे धावला असता.

दत्ताराम उतरला आणि गुडघ्यांवर बसून एकेका चाकाखालचं लिंबू काढू लागला. चारही अख्खी होती.