खुराकावर वाढवलेली किडनी

आमच्या घरातले लोक किडनीसुद्धा तालमीत तयार करायला निघाले होते, हे आज सांगितलं की ऐकणारे हसतात. हसू द्या. नंतर आम्हीही हसलो, पण तेव्हा माझ्या धाकट्या भावाचा जीव टांगणीला लागला होता.

ही ऐंशीनंतरची गोष्ट. आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहायचो. धाकटा बावीस वर्षांचा, पेठेच्या संघात फुटबॉल खेळणारा दांडगा गडी, आणि त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. परगावी जाऊन यंत्रावर रक्त साफ करून घ्यायचं आणि दिवस ढकलायचे, असं चाललं होतं. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, घरातल्या कुणीतरी एक किडनी द्या, देणारा निरोगी हवा, दोन महिन्यांच्या आत तपासणीला या. वडील आधीच गेलेले, आईला मधुमेह. राहिलो मी आणि थोरला भाऊ. मी अठ्ठावीस वर्षांची, शाळेत गणित शिकवणारी, बिनलग्नाची आणि काडीसारखी. थोरला पैलवान, दारात उभा राहिला की घरात उजेड येत नसे. रक्तगट तिघांचा एकच. मग काय, माझं नाव कुणी काढलंसुद्धा नाही.

थोरल्यानं ही गोष्ट तालमीतल्या वस्तादांच्या कानावर घातली. ते घरी येऊन आईला म्हणाले, "काळजी करू नगासा. दोन म्हयनं हायत न्हवं? खुराक वाढवू. किडनी अशी तयार करू, की मुंबईचा डॉक्टर बघत ऱ्हाईल."

झालं, सुरू. सकाळी गवळी म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर पिळतात त्या कट्ट्यावर धारोष्ण दूध, मग बदामाची थंडाई, दुपारी तुपात न्हायलेलं मटण, जेवणानंतर पुन्हा दूध. आई हे सगळं देवाचं करावं तसं मनापासून करायची. थोरला खाऊन खाऊन दमायचा, पण धाकट्यासाठी म्हणून गिळायचा. मी एकदा म्हटलं, "अगं, डॉक्टर काय किडनीला लंगोट घालून आखाड्यात उतरवणार हाय व्हय?" तर आई माझ्यावरच खेकसली. पण खरं सांगते, मनातून मलाही ते पटलं होतं. दंडाच्या घेरावरून किडनीचा अंदाज मीही बांधलाच होता.

दोन महिने भरत आले तसे आम्ही सगळे मुंबईला गेलो. डॉक्टरांनी थोरल्याचा रक्तदाब तीनदा मोजला आणि काय खाता ते विचारलं. थोरल्यानं छाती काढून सगळी यादी सांगितली. ती ऐकून घेऊन डॉक्टर म्हणाले, "तुमची किडनी घेता येणार नाही." वजन नऊ किलोनं वाढलं होतं, लघवीत दोष दिसत होता. रक्तदाब बहुधा आधीपासूनच होता, खुराकानं त्याला खतपाणी घातलं. असा दाब सोसलेली किडनी दुसऱ्याच्या अंगात फार काळ टिकत नाही, आणि एक काढून घेतली तर देणाऱ्याच्याही जिवाला घोर. थोरला भिंतीकडे तोंड करून बसला. मला ते बघवेना.

"माझी बघा की," मी म्हटलं. "मी देतो." आम्ही कोल्हापूरच्या पोरी पोरांसारखंच बोलतो.

आई मधेच बोलली, "एवढीशी हाय ती, डॉक्टर. ह्या दांडग्याला तिची पुरंल का? आन् उद्या हिला करून कोण घील?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांनी दिलं. आकारानं थोडा फरक पडतो, पण वय, रक्तदाब आणि दोघांच्या पेशी किती जुळतात, यानं जास्त पडतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं. म्हटलं, "किडन्या मोजून लग्नाला येणारा मलाच नको हाय."

तपासण्या झाल्या. माझं सगळं ठणठणीत निघालं आणि पेशी धाकट्याशी छान जुळल्या. मला भीती वाटली नाही. राग मात्र आला होता. दोन महिने वाया गेले होते, तेवढ्यात धाकटा आणखी खंगला होता, आणि ते केवळ मला कुणी विचारलं नाही म्हणून. मी स्वतःही तोंड उघडलं नव्हतं, त्याचा राग सगळ्यात जास्त होता.

ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी नर्सनं मला धरून धाकट्याच्या खोलीपाशी नेलं. आत कुणाला सोडत नव्हते, काचेतून बघायचं. आजारपणात किडन्या पाणी बाहेर टाकत नव्हत्या, म्हणून त्याला दिवसाला दोन फुलपात्री पाणी मोजून मिळायचं. उन्हाळ्यात तो ओला रुमाल ओठांवरून फिरवत बसायचा आणि आम्ही त्याच्यासमोर पाणी पीत नसू. त्या दिवशी डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, हवं तेवढं पी. आतल्या नर्सनं तांब्या-भांडं पुढं केलं. त्यानं भांडं घेतलंच नाही. तांब्याच तोंडाला लावला आणि घटाघटा पीत राहिला, गळ्यावरून पाणी ओघळून सदरा भिजला तरी थांबला नाही. माझ्या शेजारी थोरला काचेला कपाळ टेकून म्हणत होता, "पी लेका, पी." मी टाक्यांवर हात दाबून धरला आणि मोठ्यानं रडले.