भावजींची लाल खुर्ची

ताईचा फोन आला तेव्हा मी आंब्याच्या पेट्या भरत होतो. "गेले रे तुझे भावजी," एवढंच ती म्हणाली... त्याला आता पाच आठवडे झाले.

वाल्टरभावजी स्वित्झर्लंडचे. तरुणपणी तिथे फुटबॉलमधले नावाजलेले स्ट्रायकर, पुढे संघांचे मॅनेजर. ताई तिकडे नर्स म्हणून गेली आणि रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीला हा सहा फुटी जावई मिळाला. दर हिवाळ्यात यायचे, सोलकढी वाटीवर वाटी प्यायचे. भात कापून झालं की मळ्यात शेजारच्या वाडीशी आमचा फुटबॉलचा सामना होई. जावयाचा मान म्हणून आम्ही त्यांनाच मॅनेजर केलं. आईने त्यांच्यासाठी बांधावर लाल खुर्ची मांडली, पण ते कधी तिच्यात बसले नाहीत, लंगडत येरझारा घालायचे. मी स्ट्रायकर आणि सख्खा मेव्हणा, त्यामुळे माझी जागा पक्की, असं अख्खी वाडी धरून चालली होती.

एका वर्षी सामन्याच्या वेळी माझा गुडघा सुजला होता. मी तो मोज्याखाली लपवला. मध्यंतरात भावजींनी नेमका तोच दाबला आणि म्हणाले, "आज तू बसायचा." बसवलं तेही त्या लाल खुर्चीत, सगळ्यांसमोर. माझ्याशिवाय आम्ही जिंकलो, हे तर फारच लागलं. रात्री मी त्यांच्या पंगतीला बसलो नाही. आई म्हणाली, "रुसायचं ते जावयानं. तू कसला रुसतोस?"

सकाळी भावजी पडवीत आले, पँट वर करून गुडघ्यावरचा लांब व्रण दाखवला. "माझी शेवटची मॅच. दुखत होतं, मी बोललो नाही. मॅनेजरने बघितलं, तो पण बोलला नाही. मी मोठा होतो ना..." पुढे स्वतः मॅनेजर झाल्यावर दुखऱ्या पायाचा खेळाडू कितीही मोठा असो, ते बाहेर काढत. त्यापायी एका क्लबने त्यांना घरी बसवलं, हे ताईने मागाहून सांगितलं. मला सगळं कळलं होतं. पण घरच्या माणसाचे आभार कसले मानायचे, असं म्हणत वर्षं काढली. खरं तर लाज वाटत होती.

परवा फळं उतरवायचा जाळीचा झेला घेऊन शेवटचे आंबे काढायला कलमावर चढलो. पन्नाशी आली, पण गुडघा कुरकुरला नाही. खाली उतरलो तर पडवीत ती खुर्ची. आई ती रोज पुसते, कुणाला बसू देत नाही. मी बसलो आणि म्हणालो, "बरं केलंत भावजी, मला बाहेर काढलंत."

आई उंबऱ्यात उभी होती. म्हणाली, "हे त्यांना सांगायचं होतंस रे."