बर्फातलं इंजेक्शन

परभणीतल्या त्या मेडिकलवर पालम गावची एक बाई मला दर महिन्याला दिसायची. सोरायसिसचं मलम घ्यायची, खोकं तिथंच टाकायची आणि ट्यूब टूथपेस्टच्या रिकाम्या खोक्यात लपवायची. हल्ली मात्र ती मलम उघडउघड हातात धरायची. रोग मलाही तोच; मी उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचो.

एकदा काउंटरवरच्या नव्या माणसानं मोठ्यानं विचारलं, “सोरायसिसचं ते नवं इंजेक्शन कुणी मागवलं होतं?”

मागवलं मी होतं, पैसेही आधीच भरले होते. मी चपलांकडं पाहत राहिलो.

“माजं हाय, द्या,” ती म्हणाली.

बाहेर आल्यावर तिनं बर्फात ठेवलेल्या इंजेक्शनची पिशवी माझ्यापुढं धरली. “घरात पोरगी लग्नाची हाय का? माज्या पोरीचं जमंस्तोर मीबी असंच लपवलं.”

मला मुलगीच नाही. तरी मी मान हलवली आणि पिशवी शर्टाआड घेतली.