धुक्यातला हास्यक्लब

भल्या पहाटे भेटू नये असा सज्जन माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे आमच्या थोरल्या वहिनीचे मामा. मूळचे पिंपळवंडीचे. शेती मुलाकडे सोपवून जुन्नरला राहायला आले आणि थंडी असो, पाऊस असो, उजाडायच्या आत गावाच्या कडेच्या बागेत व्यायामाला हजर होऊ लागले. गुडघ्यांसाठी ते उलटे चालत. बिबट्या मागून झडप घालतो म्हणून डोक्याच्या मागच्या बाजूला जत्रेतला हसरा मुखवटा बांधत. त्यामुळे धुक्यातून एक हसरा चेहरा सरळ आपल्याकडे चालत यायचा आणि जवळ आला की ध्यानात यायचं, याचे पाय उलटे आहेत. एक नवा दूधवाला किटली टाकून पळाला. मामांनी ती त्याच्या घरी नेऊन दिली, मुखवट्यासकट.

या बागेत त्यांचा हास्यक्लबही होता. शेजारच्या उसात बिबट्या दिसू लागला तसा एकेक जण गळाला. मामा मात्र येतच राहिले. पिंपळाखाली उभे राहून रिकाम्या जागांना दटावायचे, "अण्णा, तोंड उघडा! सर, लाजू नका, राव!" मग हात वर करून सातमजली हसायचे आणि थांबायचे, बाकीच्यांचं हसून होईपर्यंत.

वहिनीचा जीव टांगणीला. "भावजी, तुमी तरी जा त्यांच्यासंगं. माझं ऐकत न्हाईत," ती म्हणाली, म्हणून ऐन थंडीत एकदा मी गेलो.

धुक्यात पिंपळाचा शेंडाही दिसत नव्हता. मामा हसले, थांबले. आणि त्या शांततेत मेंदीच्या कुंपणामागून आवाज आला. लाकडावर करवत ओढावी तसा, पुढे-मागे, पुढे-मागे. मामांचा चेहरा उजळला.

"या, पावणं! पण श्वास लई वरचा घेताय. पोटातनं घ्या."

आवाज थांबला. कुंपण हललं. बिबट्या बाहेर आला आणि वाटेवर आमच्यासमोर बसून आम्हाला न्याहाळू लागला.

मामांचे हात वर गेले आणि ते हसू लागले. हसतच राहिले. डोळ्यांतून धारा लागल्या, आवाज चिरकला, तरी हसणं चालूच. बिबट्याने कान मागे पाडले, शेपटी एकदा आपटली, मग सावकाश उठून तो उसात शिरला. पान हलायचं थांबलं तरी मामा हसतच होते. शेवटी त्यांचे वर धरलेले हात मीच खाली घेतले.

मामांनी बिबट्याला हसून पळवलं, असं गावभर झालं. हार घातले गेले. मामांनी मान खाली घालून ते घेतले.

आता ते चांगलं ऊन पडल्यावर बागेत येतात आणि बाकावर माझ्याशेजारी बसतात. परवा हळूच म्हणाले, "तू पळाला न्हाईस त्या दिवशी. लई धीराचा हाईस."

"कसला धीर, मामा! पाय हलत नव्हते माझे."

त्यांनी उसाकडे पाहिलं.

"माझं हसू थांबत नव्हतं रं," ते म्हणाले.

मग आम्ही दोघंही, ऊन अंगात मुरेपर्यंत, बसून राहिलो.