बाबांचा डावा हात

बाबांनी अर्धं आयुष्य कीबोर्ड वाजवला, पण त्याला कुणी कीबोर्ड म्हटलं की त्यांचं डोकं सणकायचं. "पियानो म्हन," म्हणायचे. खरा पियानो आमच्या अख्ख्या गोतात कुणी हात लावून पाहिलेला नाही.

मूळचे ते पेटीवाले. बार्शीटाकळीच्या शाळेत नोकरी, अकोल्यात घर, आणि जयंतीच्या दिवसांत भीमगीतांच्या पार्टीत पेटी. पेटीवर उजवा हात सुरांवर फिरतो आणि डावा बिचारा भाता हलवतो. म्हणजे डावा हात जन्माचा हमाल.

एकदा त्यांनी बाजारातून जुन्या इंग्रजी कॅसेटी आणल्या, वर आपली गाणी भरायला. तेव्हा सगळे तसंच करायचे. पुसायच्या आधी एक सहज लावली. लेबल उडालेलं, वाजवणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही. कुणीतरी एकटाच पियानो वाजवत होता, मधूनच घोगऱ्या आवाजात गुणगुणत होता. बाबांचं ताट तसंच राहिलं.

"अवं, याचा डावा हात आयक," ते आईला म्हणाले. "चालूनच राहिला, थांबत नाई. आन उजवा वरून रडून राहिला."

ती कॅसेट पुसली गेली नाही. त्याला ब्लूज म्हणतात, हे अमरावतीला कॉलेजात गेल्यावर मी त्यांना सांगितलं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं, कापसाच्या शेतात राबणाऱ्यांचं गाणं.

"मले वाटलंच," बाबा म्हणाले. "कापूस येचल्याबिगर हात असा चालत नाई."

मी कॉलेजात शिकत होते आणि इकडे चाळिशी ओलांडलेला माणूस जुना कीबोर्ड आणून डाव्या हाताला शिकवत होता. एसटीच्या दांडीवर बोटं, ताटाच्या काठावर बोटं, झोपलेल्या आईच्या पाठीवर बोटं. "अवो, या हाताले भूत लागलं का?" आई ओरडायची. पुढे तर त्यांनी कहर केला. आई मला झोपवताना जो पाळणा म्हणायची, त्याची चाल उजव्या हातात घेतली आणि खाली डाव्या हातात कॅसेटवरची ती चाल सोडली. आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माह्या पाळन्याले इंग्रजी चाकं लावले का तुमी?" पण रोज संध्याकाळी भाकरी थापताना तेच ऐकायची. आज आमच्याकडच्या पार्ट्यांत पोरं दोन्ही हातांनी वाजवतात, ती बाबांची देणगी. मला त्याचा फार अभिमान आहे, सांगून टाकते.

मागच्या हिवाळ्यात बाबांना अर्धांगवायू झाला. बोलणं वाचलं, उजवा हात गेला. त्यांनी कीबोर्डवर चादर टाकली आणि भिंतीकडे तोंड केलं. जयंती जवळ आली तसं म्हणाले, "वस्तीतल्या विहारात देऊन टाका. माह्यं संपलं."

न्यायला ऑटो आला त्या दिवशी मी अमरावतीहून आले होते. चादर ओढली तर धूळच उडाली. माझं डोकंच फिरलं. "नेऊ द्या बाबा! पन मंग डावा हात एवढा शिकवला कायले? भाता हलवाले?"

आई म्हणाली, "चूप वं, बिमार मानूस हाय." बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की आता चप्पल येते की काय. मग म्हणाले, "लाव पिन."

मी प्लग लावला, खुर्ची सरकवली. डावा हात सुरांवर उतरला आणि चालायला लागला. तीच पाळण्याखालची चाल. एक फेरी झाली, दुसरी झाली. वरची जागा रिकामीच. उजवा हात मांडीवर पडलेला. बाबांचा चेहरा पडत चालला, माझ्याने बघवेना.

आणि स्वयंपाकघराच्या दारातून आईनं पाळणा उचलला. पिठाचे हात, आवाज फाटका. जन्मात कधी कुणापुढे गायली नाही ती बाई. पण कुठे थांबायचं, कुठे रडायचं, सगळं तिला पाठ होतं. मी भिंतीला टेकून भोकाड पसरलं, लाज कसली!

संपल्यावर बाबा डोळे पुसत म्हणाले, "उशिरा उचललं तू."

"मंग थांबले कावून तुमी?"

"तुह्यासाठीच त थांबलो न."

ऑटोवाला दारातून विचारू लागला, सामान उचलू का. बाबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पुन्हा," ते आईला म्हणाले. "आता टाइमावर ये."