परत घेतलेला रिपोर्ट

"सदुसष्ट म्हणजे फर्स्ट क्लासच झाला की, मॅडम," मेश्राम म्हणाले आणि हसले.

हाफ डे टाकून ते द्वारकेहून मेट्रोने आले होते. ऑफिसचं आयकार्ड अजून गळ्यातच होतं. त्यांच्या मुलीचा आयक्यू मी नुकताच सांगितला होता. यशोधरा मेश्राम, वय आठ, इयत्ता तिसरी. आता मला त्यांना सांगायचं होतं की हे सदुसष्ट शंभरापैकी नाहीत.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयाच्या बालमार्गदर्शन विभागात बुद्धिमापन चाचण्या घेणं हे माझं रोजचं काम. हा सदुसष्टचा गैरसमज मी पूर्वीही पाहिला होता, पण इतका आनंदी चेहरा पाहिला नव्हता. मी नेहमीसारखं समजावलं. आयक्यूत शंभर म्हणजे पैकीच्या पैकी नव्हे, शंभर म्हणजे मधोमध. बहुतेक मुलं त्या मधल्या भागात असतात. सत्तरच्या खाली आकडा गेला आणि रोजच्या वागण्यातही मूल मागे दिसलं, तर बौद्धिक अक्षमता आहे असं आम्ही म्हणतो.

ते ऐकत होते. मग त्यांनी आयकार्ड काढलं, दोरी नीट गुंडाळली आणि खिशात ठेवलं.

"म्हणजे शाळा म्हणते ते खरं आहे."

शाळेचं म्हणणं असं होतं: मुलीला शिकवलेलं समजत नाही, उत्तरं भलतीच देते, तिला वेगळ्या मुलांच्या शाळेत घाला. त्यासाठी त्यांना आमचा रिपोर्ट हवा होता. तो मी त्याच दिवशी सकाळी सही करून मेल केला होता. दुसऱ्या दिवशी दहाला शाळेत मीटिंग होती.

"इथल्या तसल्या शाळेत नाही घालणार मी तिला," मेश्राम म्हणाले. "हिंगणघाटला आईकडे ठेवतो. मी आणि मिसेस इथेच राहू, दोघांच्याही नोकऱ्या इथेच. वर्षातून दोनदा भेट होईल." थोडं थांबून म्हणाले, "एकच पोरगी आहे हो."

ते माझ्याशी मराठीत बोलत होते. चाचणीच्या दिवशी यशोधराला शाळेतल्या एक बाई घेऊन आल्या होत्या; मेश्राम आज पहिल्यांदाच येत होते आणि दारावरची 'इंगळे' ही पाटी वाचून आत आल्याआल्याच सुरू झाले होते. मीही मराठीतच उत्तर देत होते. या गोष्टीचं तेव्हा मला काहीच वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

"तिला काय काय आलं नाही तेवढं सांगा," ते म्हणाले. "मी घरी करून घेतो."

चाचणीतले प्रश्न बाहेर सांगायचे नसतात. एकदा ते फुटले की चाचणी निकामी होते. म्हणून इथेही ते थोडे बदलून लिहिते आहे. पण त्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवणं मला जमेना. मी उत्तरपत्रक काढलं. मूल जे बोलेल ते शब्दन्‌शब्द त्यावर लिहायचं असतं. शिकत असताना एका बाईंनी ही सवय आम्हाला लावली होती. 'चुकीचं' असं लिहायचं नाही, काय म्हणालं ते लिहायचं.

"हे बघा," मी म्हटलं. "रोजच्या समजेचा प्रश्न आहे. बच्चों को शिक्षा देना क्यों ज़रूरी है? ती म्हणाली, ज़रूरी नहीं है। प्यार से समझाओ तो बच्चा सुन लेता है। मारने से डर जाता है, फिर कुछ याद नहीं रहता।"

मेश्राम माझ्याकडे बघत राहिले. पुढचं येईल म्हणून थांबले. ते येईना, तसं म्हणाले, "मग बरोबर आहे की, मॅडम. लहानपणी मी लय मार खाल्लाय. आमच्या घरात पोरीला कोणी शिक्षा करत नाही."

माझं बोट त्या ओळीवर होतं, ते तिथेच राहिलं.

हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत शिक्षा म्हणजे काय, ते शाळेत पाय ठेवलेल्या प्रत्येक मराठी मुलाला माहीत असतं. मला तर चांगलंच माहीत होतं. मेहकरजवळच्या आमच्या गावात मी अंगठे धरून उभी राहिलेली आहे. आमच्या घरातली पहिली बारावी पास मी, पहिली ग्रॅज्युएट मी, त्यापुढचंही सगळं पहिलंच. दिल्लीत आले तेव्हा माझ्या हिंदीला लोक हसले, म्हणून मी ती अशी घासूनपुसून घेतली की आता टॅक्सीवाले मला कानपूरची समजतात. मला त्याचा अभिमान आहे. त्या अभिमानातच मी हिंदी कानाने ऐकलं, गुण कसे द्यायचे ते सांगणारं हिंदी manual उघडलं आणि शून्य दिला.

"दहा मिनिटं बसा," मी मेश्रामना म्हटलं. "चहा घेता का?"

"काय झालं?"

"बहुतेक माझीच चूक झाली आहे. बघते."

मी पहिल्या पानापासून वाचायला लागले. शब्दांचे अर्थ विचारायचा एक भाग असतो. 'उपहार' म्हणजे काय, तर यशोधरा म्हणाली होती, "एस.टी. स्टैंड पे मिलता है।" उत्तरासमोर माझ्याच अक्षरात शेरा होता: असंबद्ध. हिंदीत उपहार म्हणजे भेटवस्तू. पोरीने हिंगणघाटच्या स्टँडवर 'उपहारगृह' वाचलं असणार, तिथे भजी खाल्ली असणार. 'चेष्टा' म्हणजे काय, तर "किसी को चिढ़ाना।" हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. शून्य.

ही तीन उत्तरं मला सापडली. पण तीन उत्तरांचे गुण वाढवून आकडा दुरुस्त होत नाही. खरी अडचण मोठी होती. जिथे ती नुसतीच गप्प बसली, तिथे प्रश्न समजला नव्हता की उत्तर येत नव्हतं, हे आता कोण सांगणार? ठोकळे जुळवून नक्षी करायच्या भागात तिने चांगले गुण मिळवले होते. तिथे भाषा लागत नाही. रिपोर्टात मी लिहिलंही होतं, 'कृतीच्या चाचण्यांत तुलनेने बरी कामगिरी.' एक वाक्य लिहिलं आणि पुढे गेले. एवढी तफावत दिसली की थांबून कारण शोधायचं, हे मी दरवर्षी ट्रेनींना शिकवते.

फॉर्मवर 'मातृभाषा: मराठी' असंही होतं. त्याखाली 'हिंदी: fluent' यावर टिक. ती मीच केली होती. मी विचारलं होतं, "हिंदी आती है?" ती म्हणाली होती, "आती है।" झाली तपासणी. क्वार्टर्सच्या खाली लपाछपी खेळताना लागते तेवढी हिंदी तिला येत होतीच. दिल्लीत येऊन तिला वर्षच झालं होतं. खेळातली भाषा मुलं पटकन उचलतात. पुस्तकातली भाषा यायला वर्षं लागतात.

यशोधरा बाहेर बाकावर पाय हलवत बसली होती. मी तिला आत बोलावलं.

"ये गं. बस इथे बाबांजवळ."

तिने आधी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्हाला मराठी येते?"

"हो. माझं गाव मेहकरजवळ."

"मग त्या दिवशी का नाही बोललात?"

मेश्राम म्हणाले, "अगं, असं विचारू नये मोठ्यांना."

"विचारू द्या," मी म्हटलं. मग तिच्याकडे वळले. "चुकलं माझं," एवढंच म्हणाले.

ती म्हणाली, "अच्छा," आणि टेबलावरचे लाल-पांढरे ठोकळे दाखवून विचारलं, "हे घेऊ?"

मेश्रामना मी सांगितलं की गावाचं तिकीट काढू नका. आणखी काही वचन दिलं नाही. मुलगी हुशार निघेल असं मला तेव्हा माहीत नव्हतं. मला माहीत नाही, एवढंच मला माहीत होतं.

मग कपूर सरांकडे गेले. ते आमच्या विभागाचे प्रमुख. माणूस चांगला, फक्त कागद बदलला की त्यांना ताप भरतो.

"रिपोर्ट निकल गई?"

"सुबह ही, सर."

"तो addendum लगा दो। एक पैरा। भाषा की सीमाएँ वगैरह।"

Addendum म्हणजे मूळ रिपोर्ट कायम ठेवून मागे जोडलेली पुरवणी. शाळा पहिलं पान वाचते, पुरवणी कोणी वाचत नाही.

"Addendum नहीं, सर। वापस लेनी है।"

"इंगळे मैडम, इतने साल में आपने एक रिपोर्ट वापस नहीं ली।"

"इसीलिए तो एक ले सकती हूँ।"

त्यांनी चष्मा काढला. "लिखोगी क्या? कि बच्ची को हिंदी नहीं आती? स्कूल कहेगा, हमसे तो रोज़ हिंदी में बोलती है।"

"नहीं सर। लिखूँगी कि मुझे मराठी आती थी और मैंने मराठी में पूछा नहीं।"

सरांनी चष्मा परत लावला. मग म्हणाले, "यार, आप भी ना। Memo तो मुझे देना पड़ेगा।"

"दीजिए।"

"ड्राफ्ट पहले मुझे दिखाना। ग़ुस्से में आप लंबा लिखती हैं।"

मी चार ओळींचं पत्र लिहिलं. चाचणीची भाषा निवडण्यात माझी चूक झाली, निष्कर्ष ग्राह्य धरू नयेत, नवीन तपासणी होईपर्यंत मुलीच्या वर्गाबाबत निर्णय घेऊ नये. सरांनी त्यातलं एक 'अत्यंत' खोडलं आणि सही केली. मी शाळेच्या काउन्सेलरला फोन लावला.

"मैडम, हमने तो प्रिंट निकालकर फ़ाइल में लगा दिया।"

"तो निकाल दीजिए।"

"कल मीटिंग है। प्रिंसिपल मैम को क्या बोलूँ?"

"बोलिए, ग़लती अस्पताल की है। मेरा नाम लिख लीजिए। इंगळे। ळ नहीं लिखना आता हो तो ल चलेगा।"

तिकडून हसू ऐकू आलं. मीटिंग पुढे ढकलली गेली.

तीच चाचणी लगेच पुन्हा घेता येत नाही. मुलाला प्रश्न आठवतात, आकडा खोटा वाढतो. म्हणून दुसऱ्या चाचण्या हव्या होत्या. चित्रांवरची, भाषा न लागणारी एक आमच्याकडे होती. मराठीतली नव्हती. पुण्यातल्या एका मैत्रिणीने ती कुरियरने पाठवली. महाराष्ट्रातल्या मुलांवर तपासून तिचे norms ठरवलेले होते. Norms म्हणजे त्या वयाची मुलं साधारण कितपत उत्तरं देतात याचं कोष्टक. दिल्लीत राहणाऱ्या मुलीला ते तंतोतंत लागू होईल असं नाही, आणि तेही मी रिपोर्टात लिहिलं.

यशोधरा आली ती तोंडाचा पट्टा चालू ठेवूनच. मराठीत सुरू व्हायची, मध्येच "मतलब" घालायची, पुन्हा मराठीत यायची. मीठ आणि साखर यांच्यात सारखं काय, अशा धर्तीचा एक प्रश्न होता.

"दोन्ही शेजारी मागायला जाता येतं," ती म्हणाली.

Manual मध्ये हे उत्तर नव्हतं. मी ते शब्दन्‌शब्द लिहून घेतलं आणि शून्य दिला. नियम तो नियम. पण हसू आवरायला पाण्याचा घोट घ्यावा लागला.

"चुकलं का?" तिने विचारलं.

"ते मला सांगता येत नाही."

"पण तुम्ही हसलात."

"पुढचा प्रश्न."

निकाल सांगायला मी दोघांनाही बोलावलं. यशोधराची आई दुसऱ्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. ड्यूटी संपवून तशीच आली होती. या वेळी मी आकडा सांगितला नाही. आकडा रिपोर्टात असतो, ज्याला लागेल तो वाचेल. मी म्हटलं, "तुमची मुलगी साधारण आहे. तिच्या वयाच्या बहुतेक मुलांसारखी."

"म्हणजे नॉर्मल?" आईने विचारलं.

"अगदी. फार हुशार नाही, मागेही नाही. हिंदी वाचनात मागे आहे, त्याला मदत लागेल. एवढंच."

बाईंनी पदर नव्हता म्हणून ओढणीच्या टोकाने डोळे पुसले. "साधारण," त्या नवऱ्याला म्हणाल्या. जणू तिला मोठं बक्षीस मिळालं होतं. "ऐकलं ना? साधारण आहे."

मेश्रामांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. शेवटी तीच वैतागली. "बाबा, केस!"

यशोधरा त्याच शाळेत, त्याच वर्गात राहिली. शाळेने आठवड्यातून तीनदा हिंदी वाचनाचा तास ठेवला. सहा महिन्यांनी फॉलोअपला आली तेव्हा ती मला हिंदीतले शब्द विचारून माझीच परीक्षा घेत होती. मेश्रामांची एकच तक्रार होती, आता पोरगी घरीही हिंदीच बोलते.

Memo मला मिळाला. तो माझ्या फाइलमध्ये आहे. आमच्या फॉर्मवर 'घरी कोणती भाषा बोलता' हा रकाना आता सर्वांत वर आलेला आहे, आणि त्यावर नुसती टिक चालत नाही, मुलाची दोन वाक्यं लिहावी लागतात. मी स्वतः पहिली पंधरा मिनिटं चाचणीच्या साहित्याची पेटी उघडतच नाही. घरी कोण आहे, काय खाल्लं, कुणाशी भांडण झालं, असल्या गप्पा मारते, मुलाला हव्या त्या भाषेत. कपूर सर म्हणतात, यात फार वेळ जातो.

जातो.