मामांना न सापडलेला खटका

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच — मामा तिचे सख्खे भाऊ. तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलायला जमेल असं वाटतंय. का जमेल, ते नीट सांगता येणार नाही.

आमच्या घरात कॉलेज शिकलेला पहिला मी. पास झालो तेव्हा गल्लीत पेढे वाटले, आणि त्या दिवसापासून माझं नावच गेलं. सगळे 'बी.ए.' म्हणायला लागले. ए बी.ए., ह्या बाटलीवर काय लिवलंय बघ. ए बी.ए., तार आली. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू? लई आवडायचं.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. नवे साहेब येऊन राहिले होते. मी ज्यांच्या अडतीवर कारकुनी करायचो त्या अप्पांनी, साहेबांना चहाला बोलावता यावं म्हणून, नव्या बंगल्यापुढं लॉन लावलं होतं. काशिनाथमामा तिथं माळी. साठी उलटलेली, गुडघे गेलेले, तोंड मात्र दिवसभर चालू. उकिडवं बसून कात्रीनं गवत कापायचे. एक कोपरा संपेपर्यंत दुसरा वाढलेला असायचा. अप्पा कुरकुरायला लागले होते. मामांच्या नोकरीवर आलं होतं, हे मामांना कळत होतं आणि मलाही.

तोड अप्पांनीच काढली. हैदराबादेत त्यांनी एक मशीन बघितली होती. पेट्रोलवर गवत कापते आणि आपणहून पुढं जाते, माणसानं नुसता दांडा धरून मागं चालायचं. मला म्हणाले, "तसली बघ. म्हाताऱ्याला झेपली पायजे. पण लई महाग नको." दुकानदाराकडचं इंग्रजी माहितीपत्रक माझ्या हातात दिलं. मामा तर गावभर सांगत सुटले की आता मी मशीनीमागं फेरफटका मारणार, भाचा निवडून राहिलाय, भाचा बी.ए. हाय.

आता इथं काय झालं ते ऐका. मी 'ऑटोमॅटिक' शब्द शोधत होतो. आपोआप म्हणजे ऑटोमॅटिक — एवढं इंग्रजी मला येत होतं. स्वस्तातल्या मशीनीखाली तो सापडला. इंजिनातल्या कसल्याशा भागाबद्दल होता. कुठल्या, ते वाचायला मी थांबलो नाही. तिच्याहून थोडीशीच महाग एक होती, तिच्याखाली 'सेल्फ-प्रोपेल्ड' लिहिलेलं. सेल्फ म्हणजे आपल्याकडं काय? जीपचा सेल्फ. सेल्फ मारला की गाडी चालू. मला वाटलं, ही बटणावर चालू होत असणार. अप्पांना म्हणालो, सेल्फसाठी जादा कशाला घालता, दोरी ओढली की झालं. अप्पा खूश. 'प्रोपेल्ड' मला येत नव्हतं. विचारलं का नाही? पण कोणाला विचारणार — सगळे मलाच तर विचारायचे.

मशीन आली. नारळ फोडला. दोरी ओढल्यावर धडधडली, पात्याखालचं गवत उडालं, आणि जागची हलेना. मामा दांडा धरून उभे. माणसं जमलेली. मामा वाकून तिला म्हणाले, "चल गं बाई, पाहुणे बघून राहिले." सगळे हसले. मीही हसलो.

घरी येऊन डिक्शनरी उघडली. प्रोपेल — पुढे ढकलणे. उभ्या उभ्या कळलं सगळं — आपणहून पुढं जाणारी ती दुसरीच होती. वाचण्यात चुकलं, इथपर्यंत ठीक आहे, माणूस चुकतो. दुकानदार आठवडाभरात बदलून द्यायला तयार होता, तसं तो आधीच बोलला होता. मला फक्त अप्पांना एक वाक्य म्हणायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मामा अडतीवर आले. हमाल बसलेले, अप्पा गादीवर. मामा म्हणाले, "बी.ए., ती चालंना की रं." आणि मी म्हणालो, "चालते मामा. तिला खटका हाय. तुम्हाला दाबायला जमत न्हाई."

असा खटका तिला नव्हता.

हे माझ्या तोंडून कसं गेलं, मला आजही कळत नाही. ठरवलं नव्हतं. अप्पांनी मान हलवली आणि विषय संपला. पुढं आठवडा होता की हातात! रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. मग कोणीतरी तार घेऊन यायचं.

मामा खटका शोधत राहिले. ही नळी दाब, तो स्क्रू फिरव. न सापडला की ते लोखंडी धूड छातीनं रेटायचे, चार हात गेलं की गुडघा धरून बसायचे. हमाल जाता-येता विचारायचे, "मामा, म्हैस उठली का?" आधी मामा उलटून शिव्या द्यायचे. मग द्यायचे बंद झाले. एक दिवस स्वतःच अप्पांना म्हणाले, मशीनीचं काम मला जमत न्हाई, आन् रेणापूरकडं आपल्या गावाला निघून गेले. त्या साली पाऊस नव्हता. गावात दुष्काळी काम निघालेलं — खडी फोडायची. उकिडवं बसूनच.

पुढं उन्हाळ्यात अप्पांची विहीर आटली. लॉन जळून गेलं. मशीनीवर पोतं टाकून ठेवलं ते टाकूनच राहिलं. मामांनंतर तिला कोणी हातच लावला नाही, म्हणून माझं खोटंही कोणाला सापडलं नाही. कधी कधी मनात येतं, विहीर आटणारच होती, नोकरी जाणारच होती, मग फरक काय पडला? असं म्हणून बघितलंय. जरा वेळ बरं वाटतं. मग पाणी गेलं म्हणून परतलेला माळी आणि मशीन जमली नाही म्हणून परतलेला माळी, ह्यांच्याकडं गाव कसं बघतं ते आठवतं.

काही वर्षांनी दिवाळीत मामांकडं गेलो. ते दाराशी बसले होते, अंगानं निम्मे झालेले. इकडचं तिकडचं बोललो. मग म्हणाले, "ती मशीन हाय का अजून?"

हाय म्हणालो.

"चालती का आता, आपणहून?"

मामी आत चहा करत होती. तिथं दुसरं कोणी नव्हतं. अप्पा नव्हते, हमाल नव्हते. लाज वाटावी असं कोणी नव्हतं.

"हाव मामा," मी म्हणालो. "चालते."

मामांनी हाताची बोटं उघडून बघितली. मग हसले. "बघ. म्हंजी माझंच चुकत होतं."

मामीनं चहा आणला. मी तो पिलो.